स्वस्त घड्याळाचे मोल

गेल्या वर्षी मे महिन्यात माझा पुतण्या मित्रांसमवेत लडाखला निघाला होता. पुण्याहून निघून तो दोन दिवस इंदूरला माझ्याकडे उतरला आणि पहिल्याच संध्याकाळी त्याने एक मनगटी घड्याळ माझ्यापुढे ठेवले. घड्याळ चावीचे होते. त्याला सेल नव्हता, दिवा नव्हता, तारखेचा रकाना नव्हता. किंमत हजार रुपयांच्या आसपास. वस्तू परत करण्याची मुदत संपावयास अजून तीन दिवस होते. "काका, प्रवासापुरते हे ठेवू की परत करू?" त्याने विचारले. घड्याळ हातातही न घेता मी म्हणालो, "परत कर." सरकारी नोकरीत वीस वर्षे गेली म्हणजे नकाराची जिभेला सवय होते. पण "का?" असे त्याने विचारले, तेव्हा मला धड उत्तर देता येईना. स्वस्त आहे म्हणून वाईट असावे, याहून अधिक काही माझ्यापाशी नव्हते. आणि याला कारण म्हणत नाहीत.

श्रोते हो, त्या रात्री विचार करता करता माझ्या ध्यानात आले की हा प्रश्न माझ्या पुतण्याचा नव्हे. अगदी स्वस्त घड्याळ घेण्यात शहाणपणा आहे की पैशाचा अपव्यय, हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. ज्या गृहस्थाने तो प्रथम गंभीरपणे मनावर घेतला, त्याने उत्तरादाखल लेख लिहिला नाही की व्याख्यान दिले नाही. त्याने एक घड्याळच बनविले.

स्वित्झर्लंडच्या पश्चिम सीमेवर जुरा पर्वताच्या पठारावर ला शो-द-फोंद नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे सारे गाव घड्याळे करीत असे. कोणी तबकड्या रंगवी, कोणी काटे कापी, कोणी केवळ चाकांचे दाते घाशी. कार्ल मार्क्सने आपल्या 'कॅपिटल' या ग्रंथात श्रमविभागणीची चर्चा करताना या गावाचा उल्लेख केला आहे. त्याच्या मते हे गाव म्हणजे एकच एक अवाढव्य कारखाना होता. तो ग्रंथ प्रसिद्ध झाला १८६७ साली. याच वर्षी त्याच गावातील एका घड्याळवाल्याने कामगारासाठी म्हणून बनविलेले घड्याळ बाजारात आणले आणि त्याला नावही दिले 'सर्वहाराचे घड्याळ'. एकाने त्या गावाचे पृथक्करण केले, दुसऱ्याने त्या गावाचा माल कामगाराच्या खिशात घालण्याचा प्रयत्न केला. दोघांची गाठ कधी पडली असती तर काय बोलणे झाले असते, याची कल्पना करावयास मला आवडते.

या घड्याळवाल्याचे नाव जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ. जन्म १८१३ चा, जर्मनीतील बाडेन प्रांतातल्या एका खेड्यातला. सोळाव्या वर्षी तो ला शो-द-फोंदला आला, तेथेच धंदा शिकला आणि तेथलाच झाला. पन्नाशीच्या आगेमागे त्याच्या मनाने असे घेतले की, वीस फ्रँकांना, म्हणजे साधारण मजुराच्या एका आठवड्याच्या कमाईत, चांगले चालणारे घड्याळ मिळाले पाहिजे. आपल्याकडे ज्याला आखूडशिंगी बहुदुधी गाय म्हणतात, तीच ही मागणी होती. त्या काळी स्वस्त घड्याळे नव्हती असे नाही. परंतु ती महाग घड्याळांच्या वाईट नकला असत. त्यांत वरून कोरीव काम आणि आत कच्चे लोखंड असा प्रकार चाले. रॉस्कॉफने नेमकी उलट वाट धरली, आणि ती कशी, हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

चावीच्या घड्याळाची रचना मुळात सोपी आहे. एका गोल डब्यात पोलादी पट्टीची कमान गुंडाळलेली असते. चावी दिली की ती आवळते, आणि उलगडताना चाकांच्या मालिकेला रेटा देते. मालिकेच्या शेवटी एक व्यवस्था असते. तिला घड्याळजीसुद्धा एस्केपमेंटच म्हणतात. ती चाकाला एका वेळी एकच दात पुढे सरकू देते. दातांचा हा हिशेब ठेवते ते केसासारख्या बारीक कमानीच्या जोरावर डावीउजवीकडे झुलणारे बॅलन्सचे चाक. जी टिकटिक आपण ऐकतो ती त्या दातांच्या अडण्याची आणि सुटण्याची.

चांगल्या घड्याळात जेथे जेथे घर्षण फार, तेथे माणकाचे खडे बसवितात. खड्याला भोक पाडून त्यात चाकाचा आस बसविण्याची युक्ती १७०४ साली लंडनमध्ये निघाली. थॉमस मजने १७५५ च्या सुमारास शोधलेल्या लिव्हर एस्केपमेंटमध्येही पुढे दात अडविणारी टोके माणकाचीच करू लागले. खडे महाग, ते बसविणारा कारागीर त्याहून महाग. रॉस्कॉफने दात अडविणाऱ्या टोकांचे खडे काढून टाकले आणि त्यांच्या जागी पोलादाच्या दोन उभ्या बारीक टाचण्या बसविल्या. ही कल्पना त्याची स्वतःची नव्हती. बेझान्साँच्या एका कारागिराने ती आधीच योजली होती. पण ती व्यवहारात आणली याने. मग त्याने मालिकेतील मधले चाक, जे तासात एक फेरा करते आणि ज्यावर मिनिटकाटा बसतो, तेच उचलून टाकले. त्यामुळे कमानीच्या डब्याला घड्याळाच्या मध्यापलीकडे पसरण्याइतकी जागा मिळाली, कमान मोठी आणि जोरकस झाली, आणि काटे थेट त्या डब्याच्याच जोरावर फिरू लागले. सेकंदकाटा नव्हताच. सारे मिळून भाग साठाच्या आत.

म्हणजे पाहा, त्याने काटकसर कोठे केली? सोन्याचांदीऐवजी वेष्टन जर्मन सिल्व्हरचे घातले. तबकडी साधी ठेवली. नक्षी काढून टाकली. पण कमान उत्तम पोलादाची घेतली आणि एस्केपमेंट स्वतंत्र पट्टीवर बसवून ती काळजीपूर्वक जुळविता येईल अशी सोय केली. पैसा कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये याचा एवढा स्वच्छ विचार त्याच्या आधी कोणा घड्याळवाल्याने केला असेल असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट त्याने केली, आणि प्रवाशाच्या दृष्टीने ती मोठी महत्त्वाची होती. तोवरच्या बहुतेक घड्याळांना वेगळी चावी असे. ती भोकात घालून फिरवावी लागे आणि प्रवासात हमखास हरवे. रॉस्कॉफच्या घड्याळाच्या डोक्यावर फिरकी होती. आता चावी कधीच गेली, पण आपण मराठी माणसे अजून घड्याळाला 'चावी देतो'. भाषेने ती हरवू दिली नाही.

गावच्या कारागिरांना हे सारे मुळीच रुचले नाही. असले घड्याळ म्हणजे आपल्या विद्येचा अपमान, असे त्यांना वाटले. कित्येकांनी काम करण्यास नकार दिला आणि रॉस्कॉफला सुटे भाग इतर गावांतून करवून आणावे लागले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मात्र घड्याळाला कांस्यपदक मिळाले आणि मागणी सुरू झाली. मागणीपाठोपाठ नकला आल्या. स्वित्झर्लंडमध्ये १८८८ पर्यंत पेटंटचा कायदाच नव्हता, तेव्हा घरच्या मैदानावर त्याला अडविणार कोण? 'रॉस्कॉफ पद्धतीचे' असे तबकडीवर छापलेली घड्याळे हजारोंनी निघाली आणि त्यांत नेमके तेच भाग हलके केले गेले, जे रॉस्कॉफने हलके केले नव्हते. १८८९ साली तो वारला. पुढे अनेक देशांत त्याचे नाव टाकाऊ घड्याळाचा प्रतिशब्द होऊन बसले. पुतण्याच्या घड्याळाकडे न पाहताच "परत कर" म्हणणाऱ्या माझ्या मनात जो पूर्वग्रह होता, त्याचे मूळ मला वाटते या नकलांत आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला गेला. तेथे कारागीर थोडे, यंत्रे पुष्कळ. कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी गावी १८८० साली निघालेल्या कंपनीने अवघ्या अठ्ठावन्न भागांचे घड्याळ काढले. त्याची कमान जवळजवळ नऊ फूट लांब होती आणि ती आवळावयास फिरकी शेदीडशे वेळा फिरवावी लागे. साहजिकच नाटकमंडळ्यांतील विनोदी नटांना आयते भांडवल मिळाले. मी दमलो, आता थोडा वेळ तुम्ही चावी द्या, अशा थाटाचे विनोद गावोगाव चालू झाले. कपड्यांचे दुकानदार तर पोशाखाबरोबर हे घड्याळ फुकट देऊ लागले. घड्याळ बरे चालत होते. पण जी वस्तू फुकट मिळते तिला कोण मान देणार? १८९८ मध्ये ती कंपनी बुडाली.

तिच्याहून हुशार निघाला रॉबर्ट इंगरसोल. हा घड्याळवाला नव्हे, विक्रेता. त्याने त्याच गावातील दुसऱ्या, भिंतीवरची घड्याळे करणाऱ्या कंपनीकडून माल घेऊन १८९६ साली एक डॉलरचे 'यांकी' बाजारात आणले. किंमत एक डॉलर, हमी एक वर्षाची. पुढे इंग्लंडसाठी पाच शिलिंगांचे 'क्राउन' काढले. अशी घड्याळे कोट्यवधी खपली. त्यांत कौतुक करावे असे एकच : जाहिरातीत कितीही बढाई असो, घड्याळाच्या अंगावर खोटेपणा नव्हता. ते जाड होते, मोठ्याने वाजे आणि स्वस्त दिसे. खुद्द इंगरसोलची कंपनी १९२१ साली बुडाली, ती घड्याळांमुळे नव्हे, धंद्याच्या पसाऱ्यामुळे.

आता प्रवासाकडे वळतो, कारण माझ्या पुतण्याचा प्रश्न प्रवासाचा होता. आणि खिशातील घड्याळाची गरज सामान्य माणसाला प्रथम भासली ती आगगाडीमुळे. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. तोवर प्रवासाला निघण्याची वेळ म्हणजे पहाट, तांबडे फुटताना, दिवस कासराभर वर आल्यावर, अशी असे. आणि बैल काही पाच मिनिटे उशीर झाला म्हणून माणसाला सोडून जात नसत. गाडी सोडून जाते. शिवाय आपल्याकडे एक जास्तीची अडचण होती. मुंबईचे घड्याळ मुंबईची वेळ दाखवी आणि रेल्वे मद्रासची वेळ पाळीत असे. दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचा फरक. मुंबईकराला स्टेशनावर जाताना हे गणित करावे लागे. सर जेम्स फर्ग्युसन, ज्यांच्या नावाने पुण्याचे कॉलेज प्रसिद्ध आहे, त्यांनी गव्हर्नर असताना १८८१ साली मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न केला. मुंबईकरांनी दोन वर्षांत तो हाणून पाडला. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाची प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटे पुढे. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नाही.

या वादात सुशिक्षितांचा अभिमान होता, तसे कामगारांचे पोटही होते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील एक मागणी मी पहिल्याने वाचली तेव्हा थबकलो. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे, असे त्यात मागितले होते. सुरुवात घड्याळाने, शेवट सूर्याने! सकाळची वेळ गिरणीच्या घड्याळाची आणि भोंग्याची होती, म्हणून ती आकड्यांत बांधून मागावी लागली. संध्याकाळ मात्र कोणालाही डोळ्यांनी दिसत होती. पुढे जानेवारी १९०६ मध्ये नवी प्रमाणवेळ लागू होताच मुंबईच्या एका मोठ्या गिरणीतील हजारो कामगार बिथरले. कारण आकडा तोच ठेवला तरी कामावर येण्याची वेळ सूर्याच्या हिशेबाने पाऊण तासाजवळ अलीकडे आली होती. भोंगा मालकाचा असतो तोवर वेळही मालकाची असते. रॉस्कॉफच्या वीस फ्रँकांचा खरा अर्थ मला या अर्जाने कळला. ते घड्याळ चार मिनिटे चुकले असते तरी चालले असते. भोंगा वीस मिनिटे चुकला तर ते दाखवावयास पुरेसे होते.

चुकण्याचाच विषय निघाला आहे तर थोडे गणित करू. स्वस्त घड्याळ दिवसाकाठी चार मिनिटे मागे पडते असे धरा. ऐकावयास हे फार वाटते. परंतु दिवसाची मिनिटे चौदाशे चाळीस. म्हणजे चूक तीनशे साठांत एक. किराणा दुकानदाराने याच प्रमाणात चूक केली तर किलोमागे तीन ग्रॅमदेखील कमी भरणार नाहीत, आणि अशा दुकानदाराला आपण प्रामाणिक म्हणू. घड्याळाची गंमत अशी की त्याची चूक रोज साठत जाते. आज चार मिनिटे, उद्या आठ, आठवड्याने अर्धा तास. म्हणून स्वस्त घड्याळ घेणाऱ्याने दररोज ठरल्या वेळी चावी द्यावी आणि त्याच वेळी काटे जुळवावेत, हे त्याचे अलिखित कलम आहे. स्टेशनावरच्या मोठ्या घड्याळाखाली उभे राहून काटे जुळविणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत.

उन्हाचाही एक भाग आहे, आणि आपल्या देशात तो क्षुल्लक नव्हे. बॅलन्सची जुन्या धर्तीची पोलादी कमान उष्णतेने ढिली पडते आणि घड्याळ मागे पडते. साध्या बॅलन्सला एका अंशामागे दिवसाला सुमारे अकरा सेकंद. वीस अंशांचा फरक पडला तर साडेतीन मिनिटांहून अधिक गेली. उन्हाळ्यात महाबळेश्वरहून नागपूरला उतरणाऱ्या प्रवाशाने घड्याळाला दोष द्यावा की हवेला? महाग घड्याळांत दोन धातूंचे बॅलन्स लावून ही चूक भरून काढीत. स्वस्तात ते शक्य नव्हते. हा अडसर दूर केला तो शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाने. त्याने निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू शोधले की ज्यांच्यावर उष्णतेचा परिणाम नगण्य होतो, आणि १९२० साली त्याला पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्याच जातीच्या मिश्रधातूंच्या कमानी स्वस्त घड्याळांतही आल्या. दरम्यान १९०२ मध्ये फ्रान्सच्या वेर्नयने कृत्रिम माणिक करण्याची रीत जाहीर केली होती. त्यामुळे खड्यांची दुर्मिळताही गेली. ज्या दोन गोष्टींसाठी श्रीमंत माणूस अधिक पैसे मोजीत होता, त्या अशा रीतीने हळूहळू गरिबाच्या घड्याळात येऊन बसल्या. अमेरिकेत टायमेक्सने खड्यांऐवजी कठीण मिश्रधातू वापरून रॉस्कॉफची टाचणी पुन्हा एकदा विकली, आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत त्या देशात खपणाऱ्या दर तीन घड्याळांत एक टायमेक्स असे.

आपल्या सरकारने निराळे धोरण धरले. हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे एचएमटीने, १९६१ साली बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे काढावयास सुरुवात केली. त्यातील 'जनता' हे सतरा खड्यांचे, संपूर्ण लिव्हरचे घड्याळ होते. रॉस्कॉफने यंत्र साधे करून किंमत उतरविली. येथे यंत्र पुरे ठेवून बाकीचा डामडौल टाळला. माझे वडील शाळामास्तर होते. त्यांचे 'जनता' त्यांच्या मनगटावर सव्वीस वर्षे होते आणि एवढ्या काळात त्यावरून शाळेची घंटा कधी चुकली नाही, असे ते अभिमानाने सांगत. घरातील सर्वांत मौल्यवान वस्तूंत त्याची गणना होती. अंघोळीपूर्वी ते काढून देवघराच्या फळीवर ठेवले जाई. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. तोट्याचे आकडे पाहिलेला अधिकारी या नात्याने मला त्या निर्णयात चूक दिसत नाही. मुलगा या नात्याने मी तो आदेश पुरता वाचला नाही.

या साऱ्या इतिहासावर पाणी पडले ते २५ डिसेंबर १९६९ रोजी. त्या दिवशी जपानच्या सेइको कंपनीने स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या एका मोटारीएवढी. पण दोन दशकांत तेच तंत्र कवडीमोल झाले. जे घड्याळ महिन्याकाठी काही सेकंदच चुकते ते शेदोनशे रुपयांत मिळू लागले, तेव्हा रॉस्कॉफच्या घड्याळाची दोन्ही शस्त्रे, किंमत आणि उपयुक्तता, एकदमच निकामी झाली. हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आज ज्याला केवळ वेळ पाहिजे, त्याने चावीचे स्वस्त घड्याळ घेऊ नये.

मग आज ते बनविते कोण, आणि घेते कोण? बहुतेक चीनमध्ये बनते. १९७० च्या सुमारास चीनच्या सरकारने देशभरच्या कारखान्यांना घड्याळाच्या यंत्राची एकच रचना ठरवून दिली. भाग सगळीकडे सारखे, म्हणून स्वस्त. त्या साच्यातून निघालेली यंत्रे आजही बनतात आणि ती वाईट नाहीत. वाईट असते ते त्यांच्यावर चढविलेले सोंग. तबकडीला भोक पाडून आतले बॅलन्स दाखवितात, कोठेही न जोडलेल्या तीन छोट्या तबकड्या काढतात, खड्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. चावीच्या साध्या घड्याळाला सतरा खडे पुरतात. खड्यांचा मोह मोठमोठ्यांनाही सुटला नाही. १९६४ साली जपानच्या ओरिएंट कंपनीने शंभर खड्यांचे घड्याळ काढले होते. रॉस्कॉफच्या नकलाकारांचा धंदा अजून चालू आहे एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला घेऊन राजवाड्यामागच्या एका घड्याळजीकडे गेलो. जिन्याखालची जागा, डोळ्याला भिंग, समोर काचेच्या झाकणाखाली सुटे भाग. त्यांच्या आजोबांपासूनचे दुकान. इंदूरच्या जुन्या मराठीत बोलतात. त्यांनी घड्याळाची पाठ उघडली, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "साधे आहे, पण खोटे नाही. चालेल. फक्त साफसफाईला माझ्याकडे आणू नका. माझ्या मजुरीत नवे येईल." ज्या घड्याळाची दुरुस्ती त्याच्या किमतीहून महाग, ते विकत घ्यावे का, असे मी विचारले. ते हसले. "साहेब, तुमची चप्पल तुम्ही किती वेळा शिवून घेता?"

रात्री मी वडिलांचे 'जनता' कपाटातून काढून पुतण्यापुढे ठेवले. "हे घेऊन जा. हजाराच्या दहा घड्याळांना भारी आहे." त्याने ते कानाशी नेले, तबकडीवर बोट फिरविले आणि परत केले. "काका, हे हरवले तर?" त्याने आपले घड्याळ ठेवून घेतले.

परत येताना तो पुन्हा इंदूरला उतरला. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर रोजचा हिशेब होता. दिल्लीपर्यंत दिवसाला तीन मिनिटे मागे, श्रीनगरला अडीच, लेहला पावणेदोन. कारगिलच्या मुक्कामी तो चावी द्यावयास विसरला. पहाटे घड्याळ तीन वाजून दहा मिनिटांवर थांबलेले होते, आणि थंडीने सर्वांच्या फोनचे सेल उतरले होते. तेव्हा बाहेर येऊन, स्टोव्ह पेटवीत असलेल्या एका चहावाल्याला त्यांनी वेळ विचारली. त्याने आपले मनगट पुढे केले. त्यावर एचएमटी होते.